खुंटीखालचं पीठ

मी एक जुनी टोपली आहे, मित्रांनो, आणि काळी आहे. काळी म्हणजे अगदी तव्याच्या बुडासारखी. पाहुणे आले की मला दाराआड लपवतात. पूर्वी मला त्याचं फार वाईट वाटायचं. आता वाटत नाही. का ते सांगते, पण जरा जवळ या, कारण तो आवाज अजून चालूच आहे आणि बोलताना मला तिकडेही कान ठेवावा लागतो.

माझा जन्म झरी जामणीच्या जंगलाकाठी, तुळसाबाईच्या अंगणात झाला. तिनं बांबू फोडून कामट्या काढल्या आणि त्या पायाच्या अंगठ्यात धरून मला विणलं. तेव्हा मी गोरीपान होते बरं का! मग तिनं मला चुलीच्या वर टांगलं आणि पावसाळाभर धूर खायला लावला. नव्या टोपलीला असं का छळतात, म्हणून मी मनातल्या मनात चडफडायची. पण तिथली पद्धतच ती होती. धुरावर काळी झाल्याशिवाय टोपली बाजारात जात नसे. पुढे मी मोहफुलं वाहिली, शेणखत वाहिलं, तुळसाबाईच्या डोक्यावर बसून मुकुटबनचा बाजार केला. लोक मला दाबून बघायचे आणि ‘काय मजबूत हाये’ म्हणायचे. मी फुगून जायची.

मग प्लास्टिकचे टब आले आणि मी खुंटीवर गेले. माझ्यात मोडके चाकू आणि सुतळीचे तुकडे पडू लागले.

तुळसाबाईच्या मुलीनं, शीलानं, अंगणात पत्र्याची शेड टाकली आणि मलाही तिथल्या खुंटीवर हलवलं. गावातल्या बायका जमवून टोपल्यांचा धंदा सुरू केला. आधी माल नागपूरला जायचा, पुण्याला जायचा. आणि यंदा थेट जर्मनीहून ऑर्डर आली, एवढी मोठी की शेडमध्ये पाय ठेवायला जागा उरली नाही. फक्त त्यांना नमुना आवडला नव्हता. धुराचा वास येतो म्हणाले, रंग काळपट आहे, आम्हाला पांढऱ्या टोपल्या हव्यात.

“माय, धूर नाही देला तं चालते का?” शीलानं विचारलं.

“त्याहिले गोऱ्या पाहिजे तं गोऱ्या दे. आपल्याले काय करा लागते,” तुळसाबाई म्हणाली. खरं सांगते, तीही खूश होती. पांढऱ्या टोपल्यांची ती रास बघत ती किती तरी वेळ उभी राहायची.

माल पाठवणाऱ्या माणसानं एकच गोष्ट बजावली होती. “ताई, एक जरी किडा निघाला तं सारा माल तिकडंच जाळतेत. मंग तुमच्याकडून कोणीच घेत नाही.” शीलानं एकेक टोपली उन्हात धरून तपासली. कुठंच छिद्र नव्हतं. छिद्र कसं असणार? मित्रांनो, किडा बाहेर पडताना छिद्र पाडतो. आत असतो तोवर नुसता खात बसतो.

खोकी भरून झाली. एक टोपली उरली, ती शीलानं कौतुकानं माझ्या वरच्या खुंटीला टांगली. दोनचार दिवसांत वरून आवाज यायला लागला. कर्र... कर्र... मग माझ्यात पांढरं पीठ पडायला लागलं, पिठीसाखरेसारखं बारीक. मी खोक्यांकडे कान दिला. तिथंही तेच! अगं बाई, मी घाबरून गेले. धूर खाल्लेल्या बांबूला किडा तोंड लावत नाही; माझ्या अंगातला धूर मला त्या दिवशी पहिल्यांदा आवडला. पण टोपलीचं कोण ऐकतं?

एके सकाळी राजकुमारचा ट्रक आला. बायकांनी नारळ फोडला, खोकी चढवली आणि ट्रक गेला.

दुपारी शीलानं माझ्यात चाकू ठेवला आणि तिची बोटं पांढरी झाली. तिनं खाली पाहिलं. खुंटीखालीही पीठ सांडलं होतं.

“माय, या काळीले कीड लागली! बरं झालं माल गेला, नाही तं साऱ्यायले लागली असती.”

मला कीड! संतापानं माझी कामटी न् कामटी ताठ झाली. तिनं मला उचलून चुलीशी नेलं आणि तुळसाबाईच्या हातात दिलं. चूल पेटलेली होती.

तुळसाबाईची एक सवय आहे. टोपली भरायची असो की जाळायची, ती आधी उलटी करून जमिनीवर आपटते. तिनं मला आपटलं. चाकू पडले, सुतळी पडली, थोडं पीठ पडलं. पुन्हा आपटलं. काही पडलं नाही. पुन्हा आपटलं.

“शीले, हिच्यात तं काईच नाही. मंग पीठ कुठून आलं?”

दोघींनी खुंटीकडे मान वर केली.

पांढरी टोपली काढून आपटली तेव्हा पीठ पडतच राहिलं. शीला म्हणाली, “एखाददुसऱ्यातच असन, माय. कोणाले समजते?” तुळसाबाईनं मला बाजूला ठेवलं आणि चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

शीलानं फोन लावला.

“राजकुमारभाऊ, कुठं पोचले?”

“यवतमाळ पार केलं, ताई.”

“गाडी वापस आणा.”

“काहून?”

“आणा म्हटलं ना, भाऊ.”

दिवस मावळायला ट्रक अंगणात परत आला. नारळ फोडणाऱ्या त्याच बायकांनी खोकी उतरवली. कोणीच बोलत नव्हतं, म्हणून आवाज सगळ्यांना ऐकू आला. या खोक्यातून, त्या खोक्यातून.

शीलानं जर्मनीला खरं ते कळवलं आहे. उत्तर अजून आलेलं नाही. खोकी शेडमध्येच रचलेली आहेत आणि बायका रोज येऊन त्यांच्याकडे न बघता बसतात. मी पुन्हा खुंटीवर आहे. मला सगळं ऐकू येतं.

मित्रांनो, एवढंच मागणं आहे. जुनी वस्तू चुलीत घालण्याआधी एकदा उलटी करून आपटून बघा. तिच्यातून काही पडलं नाही, तर मान वर करून बघा.