अ चा आ

फ्लास्कमध्ये सूचकाचे दोन थेंब पडले आणि नदीचं पाणी लाल झालं. ताईनं फ्लास्क उजेडाकडे धरला. पाणी आधी पिवळं दिसायला हवं होतं. मग वरच्या नळीतून थेंबथेंब आम्ल सोडायचं आणि लाल व्हायला किती लागलं त्यावरून त्यातलं बायकार्बोनेट काढायचं. हे आम्लाशिवायच लाल झालं. तिनं दुसरी बाटली उघडली, तिसरी उघडली. सहाच्या सहा लाल.

प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई नव्या माणसाला पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगत. पाऊस हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पडतो, त्यानं किंचित आंबट होतो, खडक कुरतडतो, आणि तो वायू बायकार्बोनेट होऊन नदीबरोबर समुद्राला जातो. नदी हवेतला किती वायू असा वाहून नेते, ते मोजण्यात बाईंची अकरा वर्षं गेली होती. मोठ्या पुराचं पाणी मात्र कधी हाती लागलं नव्हतं. ते आज सकाळी लागलं, आणि ताईनं त्याची माती केली.

पुलाच्या सहा कमानींखालचं पाणी, प्रत्येकीच्या दोन बाटल्या. एकीत आम्ल घालायचं, म्हणजे कॅल्शियम वगैरे बाटलीला चिकटून बसत नाही. दुसरीत घालायचं नाही, नाहीतर बायकार्बोनेटचा पुन्हा वायू होऊन उडून जातो. खूण ताईनंच ठरवलेली: आ म्हणजे आम्ल, अ म्हणजे अजिबात नाही. तिला अक्षरावरची रेघ लांब ओढायची खोड. बाटल्या पावसात भिजल्या, रेघेच्या टोकाची शाई ओघळली आणि प्रत्येक अ शेजारी काना उभा राहिला. ध चा मा सगळ्यांना ठाऊक आहे. इथे अ चा आ झाला. बाराच्या बारा बाटल्यांवर आ पाहून हिला शंका येऊ नये? नाही आली; तिनं बाराही बाटल्यांत आम्ल घातलं. घाई होती, आणि स्वतःच्या अक्षरावर गाढा विश्वास.

सकाळी पाणी आणणारा प्रयोगशाळेचा ड्रायव्हर म्हणजे तिचा सख्खा धाकटा भाऊ. उंचीमुळे सगळे त्याला उंट म्हणत. तो केस पुसत आत आला.

"काय गं, भूत पाहिलंस का?"

तिनं सांगितलं. "बाई दुपारी येतील. त्याआधी पुन्हा आणशील? पूर अजून आहे. कुणाला कळणार नाही."

"एवढंच ना? रडतेस कशाला!" त्यानं फोन भिजू नये म्हणून टेबलावर ठेवला, दोर-बादली उचलली आणि गेला.

तासाभरानं बाई आल्या, छत्री मिटत म्हणाल्या, "पुलावरून पाणी जायला लागलंय. बरं झालं, आपलं सकाळीच उरकलं."

ताईनं वेड्यासारखा भावाला फोन लावला. तो टेबलावरच वाजला.

मग तिनं सगळं ओकून टाकलं. बाई ओरडल्या नाहीत, त्यानं ती आणखीच घाबरली. बाईंनी आधी पुलाच्या चौकीला फोन लावला, ऐकून घेतलं आणि खाली ठेवला.

"गाडी उभी आहे म्हणतात. माणूस दिसत नाही. शोधताहेत."

आईला काय सांगायचं, एवढंच ताईच्या डोक्यात घुमत होतं.

"आणि अगं," बाई हळूच म्हणाल्या, "आम्ल घातलेल्या पाण्यातूनही बायकार्बोनेट वजाबाकीनं निघतं. कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम सगळं मोजायचं, त्यातून क्लोराइड आणि सल्फेट वजा करायचं. उरतं ते बायकार्बोनेट. थोडं कमी अचूक, पण निघतं. मला विचारलं असतंस तर?"

ताईला घड्याळाकडे बघवेना आणि दाराकडून नजर हटवता येईना. आपल्याला बोलणी बसू नयेत म्हणून आपण त्याला पुराच्या तोंडी दिलं, हे आता तिला स्वच्छ दिसत होतं. दोनदा जिन्यात पावलं वाजली. दोन्ही वेळा दुसरंच कुणी निघालं.

तिसऱ्यांदा उंट आला. एक बूट नव्हता, बादली नव्हती. दोर सरकून दोन्ही तळहातांची सालं निघाली होती. कठड्याला बिलगून होतो, चौकीवाल्यांनी ओढून काढलं, म्हणाला. शर्टाच्या आत सहा बाटल्या होत्या. त्यानं त्या एकेक करून टेबलावर मांडल्या.

"घे. यात आम्ल घालू नकोस म्हणजे झालं." दात वाजत असतानाही तो हसला. "उपयोगी येतील ना?"

बाईंनी ताईकडे पाहिलं. हो म्हणणं किती सोपं होतं.

"नाही," ताई म्हणाली. "यांच्यावाचून भागलं असतं. तू गेल्यावर कळलं."

त्याचं हसू मावळलं. त्यानं आपल्या तळहातांकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"मग मला पाठवलंस कशाला?"

"बाई रागावतील म्हणून घाबरले होते," ती म्हणाली.