वाया गेलेले आठ टेक

बाबांना अभिनय येत नव्हता, हे आधीच सांगून टाकते. पुस्तकबांधणीत मात्र त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. कॉलेजातल्या निम्म्या पोरांचे प्रकल्प त्यांच्याच दुकानातून शिवून, चिकटवून, सोनेरी अक्षरं उमटवून बाहेर पडायचे. आत काय लिहिलंय याची त्यांना पंचाईत नसायची. आतलं तुमचं, बाहेरचं माझं, म्हणायचे.

शेवटच्या वर्षाला आम्हाला साहित्य आणि सिनेमा असा एकत्र विषय होता. शिकवणाऱ्या मॅडमना सगळे कात्रीबाई म्हणायचे, कारण निबंध असो की फिल्म, त्यांच्या हातात गेलं की अर्धं होऊनच परत यायचं. त्यांनी काम दिलं : कुठल्याही कथेचं एक पान घ्या आणि एकही शब्द न वापरता, मध्ये कुठेही न थांबता, दोन मिनिटांत चित्रित करा. माझ्या पानावरचा म्हातारा आपलं दुकान कायमचं बंद करतो आणि गल्लीच्या टोकापर्यंत मागे न बघता चालत जातो. त्याच्या मनातली घालमेल लेखकाने पानभर लिहिली होती. मला ती नुसत्या पाठीतून दाखवायची होती. दुकान होतं, गल्ली होती, म्हातारा घरचाच होता.

एरवी कोणी मोबाइल रोखला की बाबा हात आडवा धरायचे. घरातल्या एकाही व्हिडिओत ते नाहीत. पण माझ्या अभ्यासाचं म्हटल्यावर इस्त्रीचा शर्ट घालून हजर झाले. मी तो बदलायला लावला.

सुट्टीची दुपार होती. शटर ओढायचं, कुलूप लावायचं, चालत जायचं, एवढंच काम. पण कोपऱ्यावर पोचले की बाबा वळायचे आणि हसून विचारायचे, "जमलं का गं?" रोज सकाळी घरातून निघतानाही ते कोपऱ्यावरून वळून बघायचे. आई खिडकीत उभी असायची. सव्वीस वर्षांत हे चुकलं नव्हतं. त्या दिवशी मात्र मला त्या सवयीचा भयंकर राग आला. आठवा टेक वाया गेला तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं आणि माझ्या नाकी नऊ आले होते. चार माणसं बघत असताना मी ओरडले, "बाबा, एकदा तरी मागे न बघता जा ना."

ते ओशाळले. परत आले, शटर वर केलं. नवव्या वेळी सरळ गेले. कोपऱ्यावर त्यांचं पाऊल किंचित अडखळलं, आणि मग ते दिसेनासे झाले.

कात्रीबाईंनी त्यातलं एक सेकंदही कापलं नाही. लेखकाला पान लागलं, हिला एक पाऊल पुरलं, असं त्या वर्गासमोर म्हणाल्या. मी आठवडाभर हवेत होते. कॅमेरा कॉलेजचा, त्यातलं कार्डही कॉलेजचं. पुढच्या गटाला ते रिकामं करून द्यायचं होतं. आठही टेक मी चहा पिता पिता पुसून टाकले.

दोन महिन्यांनी बाबा दुकानातच गेले. पुस्तकं दाबायच्या प्रेसवर हात टेकून बसले, ते बसलेच.

त्यानंतर आई एकच गोष्ट मागत राहिली. त्या दुपारी बाबांनी घरी येऊन तिला सगळं हसत हसत सांगितलं होतं, आठ वेळा वळलो आणि पोरगी चिडली म्हणून. तिला ते वळणारे बाबा बघायचे होते. मी परीक्षेचं कारण सांगितलं, मग लॅपटॉप बिघडल्याचं. खरं सांगायची माझी हिंमत होत नव्हती.

शेवटी एका सकाळी ती चष्मा पुसून माझ्या टेबलाशी येऊन बसली. मी फिल्म लावली. शटर खाली आलं, कुलूप लागलं, पाठ चालू लागली. आई पुढे झुकली.

"आता वळतील," ती म्हणाली.

बाबा कोपऱ्याआड गेले. पडदा काळा झाला. ती म्हणाली, पुन्हा लाव. मी लावली. तिसऱ्या वेळी पाऊल अडखळलं तिथे तिने हात उचलला, खिडकीत उचलायची तसाच. मला ते बघवेना.

"बाकीचे नाहीत गं आई. मी पुसले. आणि हा एवढा एकच राहिला, कारण मी त्यांच्यावर ओरडले होते. मागे बघू नका, असं मीच म्हणाले."

मला वाटलं, ती बोलेल, रागावेल. मला ते हवंच होतं. तिने हात हळूच खाली घेतला आणि काळ्या पडद्याकडे बघत राहिली.

"तुझा शब्द कधी मोडला नाही त्यांनी," ती म्हणाली, आणि उठून खिडकी लावून घेतली.