देऊ नये

"दोन माणसांना एक टेबल मिळत नाही," असं दारावरचा माणूस सांगेपर्यंत मेट्रनने आईची चाकाची खुर्ची उंबरठ्यावरून आत घेतलीही होती. तिने दोघींची कार्डं त्याच्या पुढ्यात ठेवली आणि खिडकीजवळच्या टेबलाकडे बोट केलं.

"ते टेबल. आईला आता दिसत नाही, मी वाचून दाखवणार आहे."

"मोठ्याने? हा सरकारी दप्तरखान्याचा वाचनकक्ष आहे, बाई."

"मनातल्या मनात वाचलं तर तिला ऐकू कसं जाईल?"

इस्पितळातून निवृत्त होऊन वर्षं लोटली तरी गल्लीत तिला सगळे मेट्रनच म्हणत. एके काळी तिच्या आवाजाने तरणे डॉक्टर जागच्या जागी सरळ उभे राहत, तिथे या बिचाऱ्याचं काय चालणार! त्याने पेन काढून घेतलं, पाण्याची बाटली काढून घेतली आणि दोघींना सोडलं.

वाचनकक्षाचे अधिकारी मात्र भले गृहस्थ निघाले. भल्या माणसावर धड रागावता येत नाही, हाच त्या दिवशीचा मोठा ताप होता. त्यांनी करड्या पुठ्ठ्याचं खोकं स्वतः उचलून आणलं, फीत सोडली आणि आतला पहिला कागद तान्ह्या बाळासारखा दोन्ही हातांनी टेबलावर ठेवला.

"बघा ताई, कुठे कीड नाही, डाग नाही. इथली हवासुद्धा बारा महिने एकसारखी ठेवतो आम्ही. कागदाला थंडी-वारा सोसत नाही."

"माझे वडील थंडीतापानेच गेले," मेट्रन म्हणाली. "तुमच्या तुरुंगात."

"ते खातं वेगळं, ताई."

"असेल. सरकार तेच ना?"

अधिकाऱ्यांनी चष्मा पुसायला घेतला.

वडील छापखान्यात खिळे जुळवायचे. संपाच्या दिवसांत कुणाचं तरी पत्रक त्यांनी रात्रीतून छापून दिलं आणि सकाळी पोलीस त्यांना कामावरूनच घेऊन गेले. खटला नाही, सुनावणी नाही. पुढल्या वर्षी तार आली, ते गेल्याची. एवढ्या दिवसांत त्यांची एक ओळ घरी आली नाही. आईने लोकांचे कपडे शिवून मुलीला वाढवलं, शिकवलं, आणि घरात त्यांचा विषय निघाला की ती उठून आतल्या खोलीत जायची. ज्या बापाने साधी खुशाली कळवली नाही त्याच्याबद्दल विचारायचं नाही, एवढं मुलीला न सांगता कळलं होतं.

आणि महिन्यापूर्वी एका संशोधक मुलीचा फोन आला. "तुमच्या वडिलांची पत्रं किती सुंदर आहेत हो! मी माझ्या प्रबंधात वापरलीत."

"कुठली पत्रं?" मेट्रनने विचारलं होतं.

पत्रं तुरुंगाच्या कचेरीत राहिली. कचेरीने ती फाइलला लावली, फाइल सरकारात गेली आणि सरकारने ती इथे आणून ठेवली. प्रत्येकावर घराचा पत्ता होता. मायलेकी आजही त्याच घरात राहत होत्या. पोस्टमन सगळी वर्षं त्याच गल्लीतून येत-जात होता. परक्या मुलीने वाचलं, तिच्या सरांनी वाचलं, आणखी कुणाकुणाची पोटं भरली त्या पत्रांवर. जिच्या नावाने लिहिली ती तेवढी उपाशी राहिली.

मेट्रन वाचू लागली. शेजारच्या टेबलावरून कुणीतरी "शू" केलं. तिने नुसतं त्या दिशेला पाहिलं आणि पुढे वाचत राहिली.

"'मी बरा आहे. काळजी करू नकोस. ढब्बू चालायला लागली का नीट? तिचा डावा पाय आत वळतो, तिकडे लक्ष दे.'" ती थांबली. "ढब्बू कोण, आई?"

"तू."

मेट्रन हाडकुळी होती, जन्मभर हाडकुळीच होती. तिला कुणी ढब्बू म्हणत असे, हेही तिला एका सरकारी टेबलावर कळत होतं. तिने तोंडातल्या तोंडात एक शिवी हासडली.

"पुढे वाच," आई म्हणाली.

"पुढे दुसऱ्याचं अक्षर आहे. समासात, तांबड्या शाईने. 'घरगुती मजकूर. आक्षेपार्ह काही नाही. देऊ नये.' खाली सही."

"पुन्हा वाच."

"आक्षेपार्ह काही नाही. देऊ नये."

आईने मान वळवून अधिकारी जिथे उभे असतील त्या अंदाजाने विचारलं, "काही नाही, तर मग का देऊ नये?"

"तेव्हाचं धोरण असेल, आजी."

"कुणाचं? सही आहे ना. नाव वाचा की."

अधिकाऱ्यांनी वाकून पाहिलं. सही नुसता फराटा होता. नाव लागत नव्हतं.

मेट्रनने सगळी पत्रं वाचली. प्रत्येकावर तोच तांबडा शेरा होता आणि प्रत्येक वेळी आईने तो वाचायला लावला. "बाकीचं वाचलंस तसं तेही वाच," ती म्हणे. पत्रं पुढे सरकली तशी लहान होत गेली. शिवणयंत्राला तेल देतेस ना, घरमालक त्रास देतो का, असं विचारणारा माणूस हळूहळू एकच विचारू लागला. उत्तर का येत नाही? शेवटच्या कागदावर चारच ओळी होत्या.

"'तू रागावली असशील. हक्क आहे तुझा. मला लिहू नकोस हवं तर, पण ढब्बूची खुशाली कुणाकडून तरी कळव.'"

आईचे दोन्ही हात मांडीवर होते.

"मी लिहिलं होतं," ती म्हणाली.

"काय लिहिलं होतंस?"

"पत्रं. दर रविवारी लिहायचे. तू झोपलीस की."

"मला कधी बोलली नाहीस!"

मेट्रन उठली आणि अधिकाऱ्यांसमोर जाऊन उभी राहिली. "बाहेरून आत गेलेली पत्रं कुठे आहेत?"

"ती फाइल निराळी असते. त्यासाठी नवी मागणी-चिठ्ठी भरावी लागेल, आणि आजची वेळ तर..."

"आई शहाऐंशीची आहे. ती उद्या असेल याची चिठ्ठी तुम्ही भरून देणार का?"

अधिकारी गेले. माणूस भला होता हे खरंच. परत आले तेव्हा त्यांच्या हातात दुसरं खोकं होतं आणि चेहरा पार बदलला होता.

"ताई, ही सगळी बंद आहेत! कुणी उघडलीच नाहीत. असा संग्रह सहसा मिळत नाही. आपण रीतसर कॅमेऱ्यासमोर उघडू, आमचा तज्ज्ञ माणूस बोलावतो. फक्त आजींची संमती लागेल."

वडिलांची पत्रं निदान वाचून दाबली होती. आईची वाचायचीसुद्धा कुणी तसदी घेतली नव्हती.

आईने हात पुढे केला. पाकिटं एकेक करून बोटांनी चाचपली आणि त्यातून एक बाजूला काढलं. तेवढंच कणकेच्या खळीने चिकटवलेलं होतं. तिने त्याच्या जोडावरून अंगठा फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मग पुन्हा.

"हेही उघडलेलं नाही?"

"नाही."

"नीट बघ."

"नाही, आई. काय आहे त्यात?"

"शेवटचं आहे." आई म्हणाली. "लिहिलं होतं, 'तुम्हाला एक शब्द लिहायला जड झाला. पोरीला मी सांगितलंय, बाप मेला म्हणून. आजपासून मीही तसंच समजते.'" तिने अंगठा जोडावरच ठेवला. "मग तार आली. मला वाटलं, वाचलं त्यांनी. वाचलं, आणि मग जगावंसंच वाटलं नसेल."

आतल्या खोलीत जाऊन बसणारी आई वडिलांवर रागावलेली नव्हतीच. ती स्वतःलाच दोष देत आली होती. आणि आपण जन्मभर तिच्या वतीने त्या माणसावर रागावून राहिलो.

"मग एका अर्थी बरंच झालं म्हणायचं, आजी," अधिकारी हळूच म्हणाले. "पोचलं नाही ते."

ते मनापासून बोलले होते. तरी मेट्रनचा हात शिवशिवला.

"खरंय," आई म्हणाली. "म्हणजे ज्यांनी त्यांची पत्रं दाबून ठेवली, त्यांचे मी आता उपकार मानायचे. सांगा ना. मानायचे का?"

आईने पाकीट दोन्ही हातांत धरलं आणि ओढलं. कागद चिवट होता, पहिल्यांदा फाटला नाही. दुसऱ्यांदा फाटला.

"आजी! सरकारी दस्तऐवज आहे तो!"

"पत्र आहे. पोचलं नाही, म्हणजे अजून माझंच आहे."

अधिकारी पुढे धावले. मध्ये मेट्रन उभी होती, हाताची घडी घालून.

"ताई, बाजूला व्हा. गुन्हा आहे हा."

"लिहून घ्या. माझं नाव घाला."

आईने घाई केली नाही. तुकड्यांचे तुकडे केले, ते रुमालात बांधले आणि रुमाल कमरेला खोचला. मग उरलेल्या बंद पाकिटांचा गठ्ठा नीट जुळवला आणि समोर धरला. मेट्रन बाजूला झाली.

"ही घ्या. यातलं एक उघडायचं नाही, आणि परत त्या खोक्यात ठेवायची नाहीत. त्यांच्या पत्रांत, त्या पहिल्या खोक्यात ठेवा."

"तसं करता येत नाही, आजी. मूळ क्रम मोडता येत नाही. नियम आहे."

"एवढं तरी पोचवा," आई म्हणाली.

अधिकाऱ्यांनी गठ्ठा दोन्ही हातांनी घेतला. टेबलावर दोन्ही खोकी उघडी होती. गठ्ठा धरून ते दोन्हींच्या मध्ये तसेच उभे राहिले.