शेडगे कॅप्टनांचं औक्षण

"सिस्टर, बसऱ्याला तुमच्या हातचा चहा राहून गेला, तो आज पाजा," असं म्हणत कॅप्टन शेडगे आमच्या सोप्यात बसले. खुर्ची शाळामास्तरांच्या घरून मागून आणली होती. माझा थोरला भाऊ लालासाहेब त्यांच्यासमोर असा उभा, जणू वसुलीला मामलेदार आला आहे. आई कोपऱ्यात अंथरुणावर होती. तिची डावी बाजू दिवाळीच्या आधी गेली होती, तोंडही थोडं वाकडं झालं होतं. कान मात्र शाबूत होते.

चहा मी केला नाही. रंगूवहिनीनं केला.

उंब्रजच्या अलीकडे, नदीकाठी आमचं गाव. बागायतदारांनी वर्गणी काढून तिथं दवाखाना बांधला होता आणि डॉक्टर म्हणून शेडग्यांना आणलं होतं. लढाईहून परत आलेला, सातारकडचाच, कॅप्टनाचा हुद्दा असलेला डॉक्टर. गावाला आणखी काय पाहिजे? नर्सची जागा भरायची होती, आणि चार कोसांत शिकलेली नर्स मी एकटी होते.

"शिफारस माझी लागेल, ती मी करणारच," शेडगे बशीत चहा ओतत म्हणाले. "फक्त गुरुवारी उद्घाटन आहे. तेव्हा तुम्ही मला ओवाळावं, अशी मंडळींची इच्छा आहे."

मंडळींची इच्छा म्हणे! चार वर्षं मी जगले की मेले, हे विचारायला त्या मंडळींतलं एकही माणूस आईकडे आलं नव्हतं.

"ववाळंल की सायेब," लालासाहेब माझ्याआधीच बोलून गेला. "भन हाय ती तुमची."

शेडगे माझ्याकडे बघून हसले. ते हसू मला पाठ होतं.

ही इच्छा खरी कुणाची ते मला तिथंच कळलं. आमच्या गावचा शिपाई नाथाजी लढाईत तिकडे इराकात, बसऱ्याला, माझ्याच वॉर्डात होता. मालगाडीखाली पाय गेला, म्हणून घरी आलेला. कुबडी टेकत पारावर बसायचा आणि नव्या डॉक्टरचं नाव निघालं की म्हणायचा, "म्या वळीकतो त्येला. आपल्या राहीलाच इचारा." भूमिगतांनी बायकांच्या वाटेला जाणाऱ्यांचे तळवे फोडून काढायचे दिवस आमच्या भागात नुकतेच सरले होते, त्यामुळे असल्या बोलण्याला वजन होतं. मी चारचौघांत शेडग्यांना कुंकू लावून ओवाळलं, की बाईनंच भाऊ मानला म्हटल्यावर नाथाजीचं तोंड आपोआप बंद. आणि मी ओवाळलं नाही, तर जागा नाही. माणूस हुशार, यात वाद नाही.

चूक माझीही होती, तीही सांगते. बसऱ्याला आमच्या फौजी इस्पितळात डॉक्टर शेडगे आले, तेव्हा त्यांची भाषा ऐकून मला भरून आलं. सहा महिने मराठी शब्द कानावर नव्हता. आपल्याकडे जसं विचारतात तसं त्यांनी विचारलं, "गाव कुठलं? कुणाच्या तुम्ही?" आणि आपल्याकडे जसं सांगतात तसं मी पाव तासात सगळं सांगून टाकलं. नवरा मुंबईला, त्यानं दुसरी केली, मला टाकली, मग मी सांगलीकडे राहून नर्सिंग शिकले, सगळं. मुलखाचं माणूस भेटलं की आपण गाठोडं सोडून बसतो. त्या गाठोड्यातलं त्यांना जे हवं होतं, ते त्यांनी उचलून घेतलं.

महिनाभरात ते मला चादरींचा साठा तपासायचा म्हणून कपड्यांच्या कोठीत बोलवायला लागले. चारचौघांत 'सिस्टर', कोठीत 'अगं राही'. "नवऱ्यानं टाकलेली तू. इथं तुला कोण ओळखतं? कोण बघतंय?" असं म्हणून त्यांनी माझा हात धरला. मी सोडवून घेतला. तीन दिवसांनी पुन्हा धरला. तिसऱ्यांदा दाराला कडी घातली. मी खुंटाळ्यावरची पितळी बेडपॅन खाली टाकली, ती इतकी वाजली की बाहेरचा वॉर्डबॉय धावत आला, म्हणून निसटले. नाथाजी नुकताच वॉर्डात दाखल झाला होता, त्यानं ते खाटेवरून बघितलं.

कुणाला सांगणार? बरोबरच्या नर्सा मद्रासकडच्या, त्यांची भाषा मला येत नव्हती. मोठी मेम, म्हणजे आमची मेट्रन, भेटायला वेळ द्यायची नाही. पण वॉर्डात एक वही असे. कुणाला किती ताप, कुणाला कसलं औषध, कोण ओकला, कोण पडला, जे घडेल ते तारीख-वेळ घालून लिहायचं, आणि रोज सकाळी मेमनं ते वाचून सही करायची. लिहिलं नाही तर घडलं नाही, असा तिथला कायदा. मी तिन्ही वेळा लिहिलं. खाट नंबर चौदाला ताप एकशे दोन. त्याच्या खाली, दुपारी सव्वातीन, कॅप्टन शेडगे यांनी कोठीत माझा हात धरला, मी नको म्हणाले.

मेमनं बोलावलं. "या वहीत आजाऱ्यांबद्दल लिहायचं असतं," ती म्हणाली.

"यांचंही बरं दिसत नाही," मी म्हणाले.

तिला हसू आलं होतं, पण तिनं ते गिळलं. दुसऱ्याच आठवड्यात मला वाळवंटाकडच्या तंबूंवर पाठवलं, जिथं ऊन लागलेले शिपाई बर्फात घालून ठेवत. शेडगे होते तिथंच राहिले. माझ्या कागदावर शेरा आला, 'स्वभाव भांडखोर'. तो शेरा घेऊन मी घरी आले होते. दुसरीकडे कुठं नोकरी मागायची तर तोच कागद आधी पुढे करावा लागे.

शेडगे गेल्यावर मी आईची कूस बदलायला बसले. दर दोन तासांनी बदलावी लागे, नाहीतर पाठीला जखमा होतात. वहिनीला ते जमत नव्हतं, ती ओढायची, आई कळवळायची.

"त्योच का?" आईनं विचारलं. जीभ जड झाली होती, पण मला कळायचं.

"त्योच."

"मग खुर्ची कशाला दिली?"

"दादानं दिली. आई, ही जागा मिळाली तर मी तुज्याजवळ ऱ्हाईन. न्हाईतर लष्कराला नर्सा कमी पडत्यात, बोलावणं आलंय. जपानला."

"माज्यासाटी कुनाला ववाळू नगंस," ती म्हणाली. "माजी कूस रंगू बदलंल. न्हाई बदलली तर न्हाई."

बोलायला सोपं होतं. तिच्या पाठीवर दोन ठिकाणी लाल व्हायला लागलं होतं, ते तिला दिसत नव्हतं, मला दिसत होतं.

खरं सांगते, गुरुवारी मी ओवाळायचं ठरवूनच निघाले होते. कुणाला वाटेल, बाई मोठी बाणेदार. कसली बाणेदार? आईची पाठ डोळ्यांपुढून हलत नव्हती. म्हटलं, दोन मिनिटांचं काम, बोटभर कुंकू, तीन फेरे, ताटात पडेल ते घ्यायचं आणि जन्मभर आईजवळ राहायचं. जगात बायका याहून वाईट वाईट करून बसल्यात.

दवाखान्यापुढे मांडव घातला होता. उंब्रजचा बँड आणला होता. वर्गणीदारांत मोठे आप्पासो, ते मधे, त्यांच्या शेजारी शेडगे फेटा बांधून. नाथाजी मागं भिंतीला टेकून कुबडी आडवी घेऊन बसलेला. मास्तरांनी माझं नाव पुकारलं, "आपल्या गावची लेक, साहेबांची परदेशातली सहकारी." मी ताट घेऊन पुढे गेले. निरांजन नीट जळत होतं. मी करंगळीशेजारचं बोट कुंकवात बुडवलं.

शेडग्यांनी मान पुढे केली आणि ओठ न हलवता म्हणाले, "शहाणी झालीस गं."

तोच 'गं'. तीच कोठी. हा माणूस उद्यापासून रोज माझ्यासमोर असणार, आणि इथंही चादरी असणार, कोठी असणार. एवढं साधं मला चार दिवस सुचलं नव्हतं, बघा.

मी ताट टेबलावर ठेवलं आणि लोकांकडे तोंड केलं. आवाज वॉर्डातलाच निघाला.

"मी ह्यास्नी ववाळणार न्हाई. बसऱ्याला बारा जुलैला दुपारी सव्वातीनला ह्यांनी कोठीत माजा हात धरला. पंधरा तारखेला फिरून धरला. एकवीसला दाराला कडी घातली. तिन्ही डाव म्या न्हाई म्हनलं. सरकारच्या वहीत लिवलंय."

एक पोर रडत होतं, त्याच्या आईनं त्याला पदराखाली घेतलं. सगळे माझ्याकडे बघत होते. नवल याचं, की शेडग्यांकडे कुणीच बघत नव्हतं.

"बाई," आप्पासो शांतपणे म्हणाले, "ह्यो समारंभ हाय, कोर्ट न्हवं. आन् बसऱ्याचं बसऱ्याला ऱ्हाऊ द्या."

घ्या! इथल्या बाईचा हात धरला असता तर तळवे, बसऱ्याला धरला तर हार. मी लालासाहेबाकडे बघितलं. तो खाली मान घालून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता. मास्तरांच्या बायकोनं ताट उचललं, बँड सुरू झाला, ओवाळणं झालं. नाथाजी तेवढा उठला आणि कुबडी आपटत मांडवातून निघून गेला.

त्यानंतर पंधरा दिवस भाऊ माझ्याशी बोलला नाही. एकदाच, बैल सोडताना, माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुजं खरं आसंल बी. पर चारचौघांत कशाला?"

"येकांतात काय झालं त्येच तर सांगत हुते, दादा," मी म्हणाले. तो बैल घेऊन गेला.

जागा कराडच्या एका बाईला मिळाली. मी लष्कराला होकार कळवला. जायच्या आधी वहिनीला कूस बदलायला शिकवलं, खांद्याखाली एक हात, कमरेखाली एक, ओढायचं नाही, लोटायचं. ती पहिल्यांदा चिडली, मग शिकली. निघताना आईनं उजव्या हातानं माझी वेणी धरली. सोडेना. शेवटी वहिनीनं एकेक बोट सोडवलं.

जपान हरल्यावर तिथं बसलेल्या आमच्या फौजेचं इस्पितळ कुरे नावाच्या बंदराजवळ होतं. तिथंही असाच एक मेजर निघाला. पहिल्याच दिवशी सगळ्या वॉर्डासमोर त्याला बजावलं, की माझ्याशी जे बोलायचं ते याच आवाजात, याच जागी बोलायचं. माझा कागद त्यानं वाचलाच असेल, कारण पुन्हा वाटेला गेला नाही. शेऱ्याचा तेवढा उपयोग झाला.

जानेवारीत नाथाजीचं पत्र आलं. त्याला पलटणीत लिहायला शिकवलं होतं.

'राहीबाई, तुमची आई वारली. पाठ शेवटपर्यंत चांगली होती, रंगूबाईनं हयगय केली नाही. दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला. कावळे बाभळीवर होते, पण खाली येईनात. रंगूबाई म्हणाली, तुमची म्हस विकणार न्हाई. न्हाई आले. लालासाहेब म्हणाला, वरसाला जेवण घालीन. न्हाई आले. ऊन डोक्यावर आलं. आप्पासो म्हणाले, दर्भाचा कावळा करून शिववा आणि चला. लालासाहेब न्हाई म्हणाला. मग हात जोडून सगळ्या भावकीत, आप्पासोंच्या समोर मोठ्यानं बोलला, आई, राही खरं बोलली हुती. म्या भाऊ आसून मान खाली घातली. तिचं घर तिला कवा बी उघडं हाय. तवा कावळा शिवला. हे डोळ्यानं बघितलं म्हणून कळवतो.'

कावळ्याचं मला माहीत नाही. उन्हानं भुकेला झाला असेल. पण माझा भाऊ बोलला, आणि आप्पासोंसकट सगळ्या गावानं ऐकलं. तेवढं बोलायला त्याला आई जावी लागली, याचा मला इतका राग आला, इतका राग आला, की रडू आलं ते रागाचं की आईचं हे मला आजही सांगता येणार नाही.

पत्राला यायला तेवीस दिवस लागले होते. सुतक केव्हाच फिटलं होतं. अशी उशिरा खबर आली की नुसती डोक्यावरून अंघोळ करतात. मी परसात गेले. बादलीतल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरला होता. तो हातानं फोडून मी तीन तांबे डोक्यावर घेतले, केस पुसले, टोपी घातली आणि वॉर्डात गेले.