मनोऱ्यातला नकार

पुतळ्यातल्या घोड्याचा एक पाय हवेत. त्यावर कबूतर.

"हुतात्म्यांच्या नावांना हात लावू नये," अशी पाटी.

माझ्या नखाखाली गुलाबी मेण आहे. घासून निघत नाही.

स्मारकं दाखवणाऱ्या बसचं तिकीट दिवसभराचं. कुठेही उतरा, कुठेही चढा, फिरून तिथेच याल.

"जरा हसरी राहा गं," बाबा म्हणाले.

एकाही पुतळ्याचे दात दिसत नाहीत.

मी कवळ्या बनवते. दातांच्या डॉक्टरांकडून साचे येतात, माझ्या टेबलावर त्यांना हिरड्या फुटतात. हे टेबल मला सोडायचं नाही. बाकी माझं मागणं फारसं नाही.

राजधानीत आम्ही चौघं आलो होतो. मी, बाबा, ज्याच्याशी माझं जमवायचं चाललं होतं तो, आणि त्याला लहानाचं मोठं करणारी त्याची आत्या. आत्याबाई त्याला चिरंजीव म्हणत, म्हणून मीही मनात तेच म्हणत होते. स्मारकं बघता बघता मुलं बोलतील, मग मनोऱ्यावर होकाराचा फोटो, ही बाबांची कल्पना.

मुलं बोलली नाहीत. आत्याबाई बोलल्या.

"आमच्याकडे आलीस की ते लोकांचे दात कोरणं बंद हं."

"छे छे, बंद म्हणजे बंदच," बाबा म्हणाले.

दोन पुतळ्यांच्या मधल्या रस्त्यात माझी नोकरी गेली.

मनोऱ्याचा जिना अरुंद, गोल, एका माणसापुरता. खाली पहारेकरी घंटा देतो. एक घंटा चढणाऱ्यांची, दोन उतरणाऱ्यांच्या. आमची एक घंटा झाली.

"आधी तुम्ही," बाबा.

"अहो, मुलीकडचे आधी," आत्याबाई.

"असं कसं, मान तुमचा."

मानपान उरकेपर्यंत दोन घंटा होऊन गेल्या आणि आम्ही आत शिरलो. पुढे आत्याबाई, मग बाबा, मग मी, मागे चिरंजीव. अर्ध्यावर अंधारात वरून बूट आले.

"अहो, मागे फिरा!"

"तुम्हीच फिरा. आम्ही चढतोय, दिसत नाही?" आत्याबाई.

"मागे अख्खी सहल आहे, बाई!"

"हरकत नाही, थांबू आपण," बाबा म्हणाले. हरकत नाही हा त्यांचा श्वास आहे.

दोन्ही खांद्यांना दगड. तोंडासमोर बाबांची पाठ.

"थांबलोच आहोत तर बोलून घेऊ," वरून आत्याबाई. "काय गं, पसंत ना?"

"ती लाजते हो," बाबांची पाठ म्हणाली.

"लाजत नाही," मी म्हणाले. "मला हे लग्न नको. मला माझं काम करायचंय."

जिन्याने ते उचललं आणि वर नेलं.

"काय म्हणाली?"

"लग्न नको म्हणते."

"कुणाशी?"

"अंधारात काय कळतंय!"

सहल खिदळली. मागून चिरंजीव अगदी हळू म्हणाला, "काम केलंस तरी मला चालेल."

"मोठ्याने म्हण," मी म्हणाले.

तो म्हणाला नाही.

शेवटी सहलच मागे सरली आणि आम्ही वर पोचलो. वारा होता, सगळं शहर होतं, फोटोवाला होता.

"दम लागला की माणूस काहीही बोलतं," बाबा आत्याबाईंना सांगत होते.

"माझेही कान गच्च झाले होते," त्या म्हणाल्या. फोटो निघाला.

नौदलाच्या स्मारकापाशी मी पुन्हा सांगितलं. बाबा म्हणाले, ऊन लागलंय. जुन्या वेशीपाशी सांगितलं. बाबा म्हणाले, भूक लागलीय. शेवटचं स्मारक मौनाचं, तिथे बोलायलाच बंदी. तिथे तिघं उतरली. मी बसून राहिले.

बाबा खिडकीशी आले. "उतर."

"नाही."

"लोक बघताहेत."

"बघू देत."

"ताई, गाडी इथून डेपोत जाते," ड्रायव्हर म्हणाला.

"चालेल."

"तिथे काहीच बघायला नाही."

"मग तर जाऊच या."

बाबांनी काचेवर हात ठेवला. पहिल्यांदाच त्यांनी 'हरकत नाही' म्हटलं नाही. दार फुसकन बंद झालं, आतून उघडायला त्याला कडी नव्हती.

आदल्या दिवशी बॅग भरताना बाबांनी मला विचारलं होतं, "तुझं काही म्हणणं आहे का?" आणि मी तोंड उघडायच्या आत त्यांनी बॅगेची चेन ओढून घेतली होती.