गोधडीखालची केबल

मित्रांनो, मी एक जुनी इंटरनेटची केबल आहे. चिखलीत दोन इमारतींच्या गच्च्यांवरून लोंबकळते. माझ्या पोटात केसाएवढी काच आहे, तिच्यातून उजेड धावतो. तो घडीभर थांबत नाही, म्हणून मलाही चैन नाही. वारा सुटला की हेलकावे, ऊन तापलं की अंगाला तडे!

बसवली तेव्हा काय कौतुक माझं! गच्चीलगतच्या दुर्गाबाईंनी मला हळदकुंकू वाहिलं. पुढं त्याच बाई माझ्यावर धुणं वाळत घालू लागल्या.

त्या मंगळवारी सकाळी चौथ्या मजल्यावरच्या मिनलची नोकरीसाठी ऑनलाइन मुलाखत होती. तिचे वडील भीमराज यांना महाळुंग्याच्या कंपनीनं नुकतंच घरी बसवलं होतं. घराची सगळी भिस्त या मुलाखतीवर. मोबाइलची रेंज तर नावालाच. आणि ऐन मुलाखतीत दुर्गाबाईंनी ओली गोधडी माझ्यावर टाकली! मला अडकवलेल्या खिळ्यापाशी मी मोडेन इतकी वाकले. उजेड बाहेर सांडला. ओरडावंसं वाटलं, पण मला कुठला आवाज!

मिनल धावत वर आली. "आजी, ती दोरी नाही हो! माझा इंटरव्ह्यू बंद पडला!"

"अगं बया! मला काय ठाव?" दुर्गाबाईंनी गोधडी ओढून तशीच भिजकी छातीशी धरली. "पळ तू. मी हितंच उभी हाय, कुणाला हात लावू देत न्हाई."

मुलाखत घेणाऱ्यांनी तिला पुन्हा जोडून घेतलं. मिनलला नोकरी मिळाली.

संध्याकाळी तिनं कोरियात ट्रेनिंगला गेलेल्या भावाला, सिद्धेशला व्हिडिओ कॉलवर विचारलं, "तिकडं नेट इतकं फास्ट आणि स्वस्त कसं रे?"

"इथं इमारत बांधतानाच भिंतीत केबलसाठी नळ्या घालतात," तो म्हणाला. "कुठलीही कंपनी त्यातून घरात येते. गिऱ्हाईक टिकवायला वेग वाढवतात, पैसे कमी करतात. आपल्या सोसायटीच्या कमिटीनं एकाच केबलवाल्याला आत घेतलंय. त्याला कसली घाई?"

रविवारी सोसायटीच्या सभेत मिनलनं हेच मांडलं. सेक्रेटरी निरंजन वैतागले, "भिंती फोडायच्या? चाललंय की!"

दुर्गाबाई उठल्या. "काय चाललंय? माझ्यापायी पोरीची भाकरी जात व्हती! नळ्या घाला, आन् चार केबलवाल्यांना येऊ द्या."

हात वर झाले, ठराव मंजूर झाला. आता नवी केबल येईल, मला भंगारात टाकतील. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण मित्रांनो, तिला उन्हात टांगू नका. आणि तिच्या शेजारी दुसरीही असू द्या. मी एकटीच होते, म्हणून माझ्याकडं इतकी वर्षं कुणी पाहिलं नाही.