पंचेचाळीसला माईक नाही

धनाजीचा आवाज चांगला होता आणि दुर्दैवाने ते त्याला माहीत होतं. शाळेत घोषणा द्यायला, गल्लीच्या गणपतीत हरवलेल्या पोरांची नावं पुकारायला त्यालाच उभं करत. पुढे शहरात चुकीच्या जागी लावलेल्या गाड्या उचलणारा ट्रक सुरू झाला, तेव्हा ठेकेदाराने गाड्या उचलायला दोन आडदांड गडी घेतले आणि माईकवर बोलायला धनाजीला घेतलं. नियमच तसा होता. गाडी उचलायच्या आधी तिचा नंबर तीनदा पुकारायचा. मालक धावत आला तर जागेवर दंड घेऊन सोडायची, नाही आला तर उचलून वाहतूक पोलिसांच्या आवारात न्यायची.

नियम चांगला होता. चांगल्या नियमाचं आपल्याकडे जे होतं ते त्याचंही झालं.

सोलापुरात तेरा नंबरची गाडी म्हणजे शहरातली. ती उचलली की मालक खिशातून फोन काढतो. त्याचा चुलता नगरसेवकाच्या बैठकीतला असतो, मेव्हणा कुठल्या तरी साहेबाचा ड्रायव्हर असतो, आणि थोड्याच वेळात गाडी मुकाट्याने खाली उतरवावी लागते. पंचेचाळीस नंबर म्हणजे अकलूजच्या पासिंगची. माळशिरस, करमाळा, सांगोला, तिकडची माणसं. ती कामापुरती येतात, कुणाला ओळखत नाहीत आणि टेबलामागच्या माणसाला हात जोडतात. म्हणून ट्रकवर एक दुसरा नियम आपोआप तयार झाला होता. तेराला माईक, पंचेचाळीसला माईक नाही. पंचेचाळीसपुढे ट्रक थांबला की धनाजी माईक तोंडाशी धरून नुसते ओठ हलवायचा. बटन बंद असायचं. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, पुकारतोय.

धनाजी स्वतः नातेपुत्याकडचा. त्याची पहिली गाडी पंचेचाळीसच होती. ती विकून तेरा घेतली त्या दिवशी त्याने ट्रकवर पेढे वाटले होते.

आता बाजारपेठेतल्या त्या गल्लीबद्दल सांगायला हवं. तिथे सम-विषम पार्किंग आहे. विषम तारखेला गाड्या एका अंगाला, सम तारखेला दुसऱ्या. पाटी आहे, पण ती एका जाहिरातीच्या फलकामागे आहे. त्यामुळे लोक तारीख बघत नाहीत. काल गाड्या कुठे होत्या ते आठवतात आणि आज समोरच्या बाजूला लावतात. महिनाभर ते चालून जातं. फक्त एकतीस तारीख विषम आणि दुसऱ्या दिवशीची एक तारीखही विषम. त्या दिवशी निम्मी गल्ली चुकते, आणि ट्रकवाल्यांची दिवाळी असते.

एक जूनला धनाजीचा ट्रक त्या गल्लीत शिरला तेव्हा ऊन डोक्यावर होतं आणि हवालदार पुढच्या सीटवर पेंगत होता. सिद्धलिंगप्पांच्या तांब्या-पितळेच्या दुकानासमोर एक जुनी मोटारसायकल चुकीच्या अंगाला उभी होती. नंबर पंचेचाळीस. मागच्या कॅरिअरला घोंगडं बांधलेलं, काळ्या लोकरीच्या वळलेल्या दोरीने. धनाजीचा बाप अशीच दोरी वळायचा, अशीच गाठ मारायचा. धनाजीने ती गाठ पाहिली आणि क्षणभर त्याचा अंगठा बटनावर गेला. मग गडी म्हणाले, “चल की लवकर,” आणि त्याने ओठ हलवले.

दुपारी आवारात म्हातारा आला. डोक्याला मुंडासं, हातात कापडी पिशवी. चालताना पिशवीत काहीतरी किणकिणत होतं.

“माझी गाडी हितं हाय म्हनं,” तो म्हणाला. “म्या म्हनलं चोरीला गेली. लई हिंडलो.”

“मामा, पाटी बघून लावायची की गाडी,” धनाजी म्हणाला.

“काल लेकीकडं आलो. जावई म्हनला, हितं एक दिस ह्या अंगाला लावत्यात, दुसऱ्या दिशी त्या अंगाला. काल ह्या अंगाला व्हत्या, म्हनून म्या आज तिकडं लावली.”

“काल एकतीस होती, आज एक. दोन्ही विषमच.”

म्हाताऱ्याने जरा हिशेब केला. “व्हय की. चुकलंच मग माझं.” दंड काढायला त्याने कोपरीच्या खिशात हात घातला आणि तसाच थांबला. “पर एक इचारू का? न सांगता उचलत्यात व्हय गाडी?”

टेबलावरच्या हवालदाराने मान वर केली. गाड्या लावणारे दोघे गडीही बघायला लागले. खरं तर बोलायला तोच एक क्षण होता.

“न सांगता कशाला उचलू?” धनाजी म्हणाला. “तीनदा पुकारलं की. माईकवर.”

“तीनदा?”

“तीनदा.”

“आनि म्या तितंच व्हतो,” म्हातारा हळूच म्हणाला. “समोरच्या दुकानात. मेंढरांच्या घंटा घेत व्हतो.”

“दुकानात गोंधळ असंल.”

“न्हाय बा. गिऱ्हाईक म्या एकलाच. एकेक घंटा कानाशी लावून बघत व्हतो.” तो स्वतःशीच हसला. “आमची कारभारीन, मायाक्का म्हनती, आताशा तुमाला हाक ऐकू येत न्हाय. म्या तिलाच म्हनायचो, तूच हळू बोलतीस. मग तिचंच खरं म्हनायचं.”

धनाजीने टेबलावरचं पावतीपुस्तक उगाच सरळ केलं.

“कुनाकडचा रं तू, बाळा?”

“नातेपुत्याजवळचा.”

“मग आपलाच की. म्या बिरप्पा, तिकडंच वस्ती हाय आमची.” बिरप्पाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “आवाज चांगला हाय तुझा. असला आवाज समोरनं येऊन मला कळला न्हाय म्हंजी झालंच.”

त्याने दंड भरला, गाडी घेतली आणि रस्त्यावर येताना दोन्ही बाजूंना पुन्हापुन्हा मान वळवून बघितलं. हॉर्न आपल्याला ऐकू येईल याची आता खात्री नसलेल्या माणसासारखं. ते धनाजीने फाटकातून पाहिलं, आणि पाहिलं नसतं तर बरं झालं असतं असं त्याला नंतर कितीदा तरी वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून त्याने पंचेचाळीसलाही माईक सुरू केला. गडी वैतागले. “पुण्य कमवायला निघालाय,” असं ड्रायव्हर ठेकेदाराला सांगून आला. धनाजी तीनदा पुकारायचा, चौथ्यांदाही पुकारायचा. कुणी लुंगी सावरत पळत यायचं, हात जोडायचं, आणि धनाजीला वाटायचं, चला, एक फिटलं. पण ते कुठलं फिटायला. ज्याचं होतं तो तिकडे बसला होता, बायको काही म्हणाली की दोनदा विचारत. स्वतःच्या चुकीची भरपाई भलत्याच माणसाला करायची खोड आपल्या सगळ्यांना असते. स्वस्तात पडते ती.

रात्री घरात बायको हाक मारायची तेव्हा धनाजीला आधी बिरप्पा आठवायचा आणि मग ओ द्यायचा.

पंधरवड्याने ट्रक त्या गल्लीत थांबला असताना सिद्धलिंगप्पांनी दुकानातून हात केला. जाडजूड, शांत माणूस. गल्ल्यावर बसल्या बसल्या गल्लीतलं सगळं बघणारा.

“तो मेंढरंवाला बिरप्पा, तुला आठवतो का?” ते म्हणाले. “त्याची गाडी तू उचलली होतीस.”

“रोज किती गाड्या उचलतो, अप्पा.”

“घंटा परत घेऊन आला होता. पैसेसुद्धा घेईना. म्हणाला, ज्याला ऐकू येतंय त्याला द्या.” त्यांनी गल्ल्याखालून तीच कापडी पिशवी काढून वर ठेवली. “त्याचा बाप माझ्या वडिलांकडून घंटा न्यायचा. पोरी बघतात तसं घंटा बघतात ही माणसं, महिना महिना ठरत नाही. आणि आता मेंढरं विकणार म्हणतोय. रानात रात्री लांडगा आला, कुत्रं भुंकलं, कळप हलला, सगळं कानावर असतंय म्हणे. कान गेला की मेंढरं राखणं म्हणजे त्यांना मारणंच.”

“डॉक्टरला दाखवायचं की.”

“लेक मागं लागली होती. तो म्हणतो, दाखवायचं काय त्यात? तीनदा पुकारलं आणि मला ऐकू आलं नाही, अजून काय पाहिजे.” सिद्धलिंगप्पांनी चष्मा काढून पुसला. “धनाजी, मी त्या वेळी आतल्या खणातून घंटा काढत होतो. मलाही काही ऐकू आलं नाही बघ. मी म्हटलं, आत होतो म्हणून असेल. पुकारलं होतंस ना तू?”

“पुकारलं होतं,” धनाजी म्हणाला.

तो ट्रकवर चढला. त्या दिवशी त्याचा आवाज माईकमधून फाटकाच आला. हवालदाराने विचारलं, बरं नाही का. गल्लीच्या तोंडाशी पोचल्यावर धनाजीने ट्रक थांबवायला सांगितला, माईक सीटवर ठेवला आणि चालत मागे आला. सिद्धलिंगप्पा तसेच बसले होते. पिशवीही तिथेच होती, जणू तो येणार हे त्यांना माहीत होतं.

“अप्पा, वस्ती कुठं आहे त्यांची?”

सिद्धलिंगप्पांनी पत्ता सांगितला आणि पिशवी त्याच्याकडे सरकवली. एक शब्द जास्त बोलले नाहीत. त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर धनाजीला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी तो निघाला. अकलूजपर्यंत उसाचा हिरवा पट्टा, पुढे माळ. काय बोलायचं ते त्याने वाटेत नीट जुळवलं होतं. ठेकेदार, ड्रायव्हर, वरून येणारा दबाव, नोकरी. नातेपुते आलं तोवर त्यातलं एकेक गळून पडलं. शेवटी उरलं ते फार छोटं होतं.

वस्तीवर पत्र्याचं घर आणि समोर लिंबाचं झाड. मेंढरं रात्री कोंडायची जाळी, वाघर, गुंडाळून भिंतीला टेकवलेली. जमिनीवर लेंड्या सुकलेल्या. बिरप्पा झाडाखाली पाठमोरा बसला होता. धनाजीने गाडी बांधावर लावली आणि चालत आला. पिशवीतली एक घंटा जरा किणकिणली, तशी बिरप्पाने मान वळवली.

“कोन?”

घरातून एक बाई आली, मायाक्काच असणार, आणि नवऱ्याच्या कानाशी वाकून ओरडली, “पावनं आल्यात!” बिरप्पाने डोकं किंचित मागे घेतलं, पण काही म्हणाला नाही. तिला सवय झाली होती, त्यालाही. ती पाणी देऊन आत गेली.

“आपलाच की तू,” बिरप्पा म्हणाला. “माईकवाला.”

धनाजी त्याच्या समोर जमिनीवरच बसला. पिशवी मध्ये ठेवली.

“मामा,” तो म्हणाला, “त्या दिवशी मी पुकारलं न्हवतं.”

बिरप्पा त्याच्याकडे बघत राहिला. “काय म्हनलास?”

धनाजीला वाटलं, खरंच ऐकू गेलं नाही. आपल्या खोटेपणाने खऱ्याखुऱ्या माणसाचे कान घालवले की काय, असं काहीतरी वेड्यासारखं त्याच्या मनात आलं. त्याने आवाज चढवला. “पुकारलं न्हवतं मी. माईक बंद होता.”

“आनि एकदा सांग.”

आता त्याने म्हाताऱ्याचे डोळे पाहिले. त्यांत राग नव्हता. नुसती वाट पाहणं होतं.

“तीनदा म्हनला व्हतास न्हवं?” बिरप्पा म्हणाला.

मग धनाजीने तिसऱ्यांदा सांगितलं, आणि या वेळी सगळा आवाज लावून. “माईक बंद होता, मामा. तुमच्या नंबरला आमी माईक लावतच न्हवतो. मी नुसतं तोंड हलवलं, आनि तुमी इचारलं तवा खोटं बोललो. तुमच्या कानाला काय बी झालेलं न्हाय.”

मायाक्का पिठाचे हात घेऊन दारात आली होती. तिने सगळं ऐकलं. ती पायरीवर बसली आणि कितीतरी वेळ त्या गुंडाळलेल्या वाघरीकडे बघत राहिली.

“परवा दिली रं मेंढरं,” ती म्हणाली. ओरडून नाही, नेहमीच्या आवाजात.

“कुनाला?” धनाजीने विचारलं.

“येडूला. वढ्यापलीकडच्या.”

“मी जातो त्यांच्याकडं,” धनाजी घाईघाईने म्हणाला. “पाया पडतो. समदं सांगतो, परत मागतो.”

“तू काय मागनार?” बिरप्पा म्हणाला. “म्या शब्द दिलाय त्याला. त्यानं दावनीचा बैल इकून घेतल्यात.”

धनाजी आणखी काही बोलणार होता, पण बिरप्पाने हात वर केला. वारा होता, लिंबाची पानं हलत होती, बाकी काही नव्हतं. बिरप्पाचा चेहरा ओढ्याच्या दिशेला वळला होता.

“पान्यावर न्हेल्यात,” तो म्हणाला. “म्होरं चालतीय ती आमची कानी मेंढी. तिच्या गळ्यात माझ्या बाची घंटा हाय. ती तेवडी काडून घ्यायची ऱ्हायली.”

धनाजीने कान टवकारले. काहीच ऐकू आलं नाही. मग पुष्कळ वेळाने, वारा जरा पडला तेव्हा, अगदी बारीक असा आवाज ओढ्यापलीकडून आला. तोवर बिरप्पाने मान खाली घातली होती. पिशवीला त्याने हात लावला नाही.

“च्या ठिवू का?” मायाक्काने दारातून हळूच विचारलं.

“ठिव,” बिरप्पा मागे न बघता म्हणाला. “त्याला बी ठिव. लांबनं आलाय.”

धनाजीला चहा नको होता. पण नको म्हणायला त्याचा आवाज फुटेना.